कांदा न उपटता दीपकाडी ओळखायची कशी

मृग बरसला की आठ-पंधरा दिवसांत व्हॉट्सअॅपवर फोटो फिरायला लागतात. हिरव्या गवतात एक पांढरं फूल, थेट वरून काढलेलं, कडेला फोटो काढणाऱ्याच्या चपलेचा अंगठा. खाली दोन प्रश्न : हे कुठलं फूल आणि हे दुर्मिळ आहे का? कोकणातल्या दीपकाडीच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्यापासून तिसराही प्रश्न येतो : ही दीपकाडी तर नव्हे? असल्या फोटोवरून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तसं सांगितलं की पुढचा माणूस हमखास म्हणतो, ‘थांबा, उपटूनच आणतो.’ हा लेख मुख्यतः त्या माणसासाठी आहे.

दीपकाडी म्हणजे एकच एक फूल नव्हे. तो वनस्पतींचा एक वंश आहे. त्यातल्या जाती आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठानं आणि भारतात आढळतात. सह्याद्री आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यात या वंशानं चांगलाच जम बसवलाय आणि इथल्या काही जाती जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. त्यातली सर्वांत गाजलेली दीपकाडी कोंकणेन्से. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावचा जांभ्या दगडाचा सडा तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच सड्यावर कातळशिल्पही आहे, त्यामुळं आता तिथं पाहुण्यांची वर्दळ असते. एन. ए. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या जातीचं वर्णन केलं. पुढं बराच काळ ती फार थोड्या ठिकाणांहून माहीत होती. अलीकडं अभ्यासक ऐन पावसात सड्यांवर फिरू लागले, तेव्हा आणखी जागा हाती लागल्या.

कागलच्या वाचकानं एक गोष्ट आधीच मनाशी धरावी. कोंकणेन्से ही कोकणातल्या कातळसड्यांची आहे. ती आपल्याला दूधगंगेच्या अलीकडं सापडली, असं वाटलं तर नव्वद टक्के शंका स्वतःवर घ्यावी. आपल्याकडं शोधायची ती घाटमाथ्यावरची आणि देशावरची भावंडं. दीपकाडी मोंटॅनम ही देशावरच्या माळरानांत, डोंगरउतारांवर येणारी. दीपकाडी उर्सुले ही उंच पठारांवरची. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या फादर एथलबर्ट ब्लॅटर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचं वर्णन केलं आणि कासच्या पठारावर ती पाहायला मिळते. या दोघी फुलांच्या आकारानं लहान, त्यामुळं बातमीत येत नाहीत. ओळखायला मात्र त्या जास्त अवघड आहेत.

कागल म्हटलं की डोळ्यांपुढं ऊस, महामार्ग आणि एमआयडीसी येते, डोंगर येत नाही. पण तालुक्याचा नकाशा बघा. दूधगंगा, वेदगंगा आणि चिकोत्रा या नद्या पश्चिमेकडून येतात आणि त्यांच्या खोऱ्यांमध्ये सह्याद्रीतून निघालेल्या डोंगरांच्या रांगा पूर्वेकडं उतरत जातात. मुरगूड, सेनापती कापशी या बाजूला उसाचे फड जिथं संपतात तिथून वर गवताळ पाठी आहेत, मुरूम उघडा पडलेले उतार आहेत, गावांची गायरानं आहेत. कांद्याच्या रानफुलांची जागा हीच. पश्चिमेला भुदरगड, राधानगरीकडं सरकत गेलात तर पाऊस वाढतो, जांभा दगड लागतो आणि फुलांची यादीही बदलते. त्यामुळं फूल कुठं दिसलं ही ओळखीची पहिली खूण. काळ्या मातीत, उसाच्या बांधावर किंवा विहिरीच्या कडेला पांढरं फूल दिसलं तर ते रानातलं असण्यापेक्षा कुणाच्या बागेतून निसटलेलं असण्याची शक्यता अधिक. खडकाच्या खोबणीत, वीतभर मातीच्या थरात, आजूबाजूला आखूड गवत, अशा ठिकाणी दिसलं तर खाली बसा.

खाली बसा हे शब्दशः घ्या. उभ्यानं यातलं काही दिसत नाही.

बसल्यावर पहिला प्रश्न : हे कांद्यातून आलंय का? त्यासाठी उकरायची गरज नाही. पानं जमिनीतूनच झुबक्यानं वर आलेली असतील, त्यांच्यामध्ये खोड नसेल, फुलाच्या दांड्याला मधे कुठंही पान नसेल आणि बुडाशी पांढरट, एकात एक बसलेले थर किंचित दिसत असतील, तर खाली कांदा किंवा त्याच्यासारखा साठा आहे असं धरून चाला. नक्की कांदा, कंद की जाडजूड मुळ्या, हे वरच्या भागावरूनच पुढं कळत जातं.

उकरू नका असं सांगण्यामागं तत्त्वापेक्षा व्यवहार जास्त आहे. या वनस्पती वर्षातले चारेक महिने जमिनीवर असतात. तेवढ्यात पानांनी जे कमावलं ते कांद्यात साठतं आणि त्याच्या जोरावर पुढच्या वर्षीचं फूल येतं. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला काही वर्षं जातात. शिवाय अनेक कांदावर्गीय वनस्पतींची काही मुळं आक्रसतात आणि कांद्याला दरवर्षी थोडं खाली ओढतात. त्यामुळं तो वाटतो त्यापेक्षा खोल असतो. काठीनं किंवा खुरप्यानं उकरणारा बहुतेक वेळा तो मधोमध कापतो. घरी कुंडीत लावलेला कांदा एखादं वर्ष पानं काढतो आणि उन्हाळ्यात लोक सवयीनं पाणी घालत राहतात म्हणून कुजतो. आणि मुख्य म्हणजे उकरून मिळालेल्या कांद्यावरून जात ठरत नाही. वनस्पतींचे ग्रंथ फूल, फळ आणि बी विचारतात. कांद्याचं वर्णन त्यात असतं, पण निकाल फुलाकडं असतो.

आता फूल. इथं घाई करू नका, सगळा निवाडा इथंच आहे.

आधी फुलं दांड्यावर कशी बसलीत ते बघा. छत्रीच्या काड्या जशा एका ठिकाणाहून फुटतात तशी सगळी फुलं दांड्याच्या टोकाला एकाच जागी असतील, तर तो दीपकाडीचा वंश नव्हे. ती क्रायनम, पॅन्क्रॅशियम यांची मंडळी. दीपकाडीची फुलं दांड्यावर खालून वर एकेक, सुटी सुटी लागतात, प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक बारीक पानासारखं छद असतं आणि फुलं बरीचशी एका बाजूला कललेली दिसतात. खालची आधी उमलतात, वर कळ्या असतात.

मग फूल बाजूनं बघा. वरून नव्हे, बाजूनं. दीपकाडीच्या पाकळ्या सहा, तीन बाहेर आणि तीन आत. पण त्या बुडापासून सुट्या नसतात. खालच्या भागात त्या एकमेकींना जोडून नळी बनवतात आणि वरच्या भागात सुटून बाहेर वळतात. बाहेरच्या तीन जास्त वळतात, आतल्या तीन बऱ्याचदा सरळ, नळी झाकत उभ्या राहतात. पुंकेसर सहा, पण ते बाहेर डोकावत नाहीत, नळीतच लपलेले असतात. वरून काढलेल्या फोटोत यातलं काय दिसणार? एक पांढरा ठिपका.

तिसरी तपासणी थोडी नाजूक. फूल तोडायचं नाही. बोटानं हळूच कलतं करून ते देठाला जिथं मिळतं तिथं बघायचं. पाकळ्यांची नळी जिथं संपते त्याच्या खाली, देठाच्या टोकाला, हिरवी फुगीर गाठ दिसते का? ती गाठ म्हणजे बीजांडकोश, पुढं तिचंच बोंड होतं. ती पाकळ्यांच्या खाली उघडी दिसत असेल तर ती वनस्पती क्रायनम-पॅन्क्रॅशियमच्या कुळातली. दिसत नसेल, म्हणजे बीजांडकोश पाकळ्यांच्या आत दडलेला असेल, तर दीपकाडी, रानकांदा यांच्या कुळाकडं वळायचं. दांड्यावरची मांडणी आणि ही गाठ, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या तरी निम्म्याहून अधिक फोटोंचा वाद तिथंच मिटतो.

ज्यांच्याशी गफलत होते त्यांच्यात रानकांद्याला पहिला मान. कोळकांदा असंही म्हणतात त्याला. हा दुर्मिळ नाही, माळावर भरपूर असतो, आणि त्याची पद्धत उलटी आहे : आधी फूल, मग पान. उन्हाळ्यात, सगळं रान करपलेलं असताना जमिनीतून एकच उघडा दांडा वर येतो, कधी कमरेपर्यंत. त्यावर लांब देठांची, मळकट पांढरी, तपकिरी-हिरव्या रेघांची फुलं विरळ लागतात. पानं येतात ती पाऊस पडल्यावर, तोवर फुलं विसरायला झालेली असतात. एप्रिलचा फोटो आणि पानाचा पत्ता नाही, तर दीपकाडीचं नाव काढू नका. फुलातला फरकही स्पष्ट आहे : रानकांद्याच्या पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या, दीपकाडीच्या नळीत जोडलेल्या. त्याचा कांदा मुठीएवढा होतो आणि तो विषारी आहे. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. त्यामुळंच तो औषधांच्या यादीत आला आणि त्यामुळंच तो कुणाच्या सांगण्यावरून घरी घेऊ नये. भूमध्य समुद्राकाठच्या त्याच्या भावंडापासून उंदरांचं विष करत असत, एवढं सांगितलं तरी पुरे. कांद्याचा रस हाताला लागला तर खाज सुटते.

पॅन्क्रॅशियम पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर लगेच दिसतं. फूल पांढरंशुभ्र, पाकळ्या सहा, आणि मधोमध पांढरी वाटी. ही वाटी म्हणजे पुंकेसरांच्या दांड्या बुडाशी जोडून तयार झालेली. ती दिसली की प्रश्न संपला, दीपकाडीत तसली वाटी नसते. पण इथं दुसरी गफलत उभी राहते. बागेत, हॉटेलांच्या दारात, महामार्गाच्या दुभाजकावर लावतात ती स्पायडर लिली अमेरिकेतून आलेली, तिलाही अशीच वाटी असते. ती जोमानं वाढते, झुबकेदार असते आणि ओढ्याकाठी फेकलेल्या मातीतून निसटून रानात दिसू शकते. फरक बियांत कळतो. पॅन्क्रॅशियमच्या बिया काळ्या, कोरड्या. स्पायडर लिलीच्या मोठ्या, हिरव्या, गुबगुबीत.

क्रायनम म्हणजे आपला गडांबीकांदा, नागदवणा वगैरे नावांनी ओळखला जाणारा गोतावळा. फुलं मोठी, टोकाला एकत्र, वाटी नाही, पुंकेसर सुटे. काहींत पांढऱ्या पाकळीवर गुलाबी पट्टा. बियाही मोठ्या आणि रसदार. ओळख पटायला सोपा म्हणून लोक इथं थांबतात. पण या वंशातल्याही काही जाती कमालीच्या मर्यादित जागी आहेत. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंट परिसरातलं क्रायनम वुड्रोवी हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवणाऱ्या वुड्रो यांच्या नावाचं. ते १८९८ साली नोंदलं गेलं आणि मग शंभरएक वर्षं कुणाच्या हाती लागलं नव्हतं. त्याच परिसरातल्या क्रायनम ब्रॅकिनेमाचे पुंकेसर इतके आखूड की त्यांच्यावरूनच त्याचं नाव पडलं. म्हणून क्रायनम दिसलं की ‘हे काय, नेहमीचंच’ म्हणून पुढं जाऊ नका. पुंकेसरांचा एक जवळून फोटो घ्या.

पावसाळी लिली, म्हणजे झेफिरँथस, इथली नाहीच. गुलाबी, पांढरी, पिवळी, दांड्यावर एकच फूल. देवळाच्या आवारातून, स्मशानाच्या कडेनं, शाळेच्या कुंपणातून ती पसरते. एका दांड्याला एकच फूल आणि बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली, एवढं पाहून तिला बाजूला ठेवा.

फोडशी किंवा कुळी या पावसाळी भाजीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. कोवळेपणी तिची पानं आणि दीपकाडीची पानं शेजारी ठेवली तर भल्याभल्यांना सांगता येत नाही. भाजी काढणाऱ्या बायकांची नजर तयार असते, त्यांना रानच पाठ असतं. अडचण होते ती शहरातून आलेल्या हौशी मंडळींची, रानभाज्यांची पुस्तिका हातात धरून फिरणाऱ्यांची. फोडशीला कांदा नसतो, खाली जाडसर मुळ्या असतात आणि फूल पसरट चांदणीसारखं उघडतं, पाकळ्या सुट्या, मधे पिवळे परागकोश ठळक. दीपकाडीत नळी, परागकोश आत. फूल नसेल तेव्हा पानावरून भाजी म्हणून काही काढू नका, कारण त्याच माळावर रानकांद्याचीही पानं असतात आणि ती पोटात गेली तर दवाखाना गाठावा लागेल.

लेडेबोरियाची पानं जांभळ्या ठिपक्यांची असतात, फुलं बारीक आणि जांभळट-हिरवी. एकदा पाहिलं की विसरत नाही. काळ्या मुसळीचं फूल पिवळं, जमिनीलगत. हबेनारियासारखी जमिनीवरची ऑर्किड्स पांढरी असली तरी त्यांची एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी, ओठासारखी खाली आलेली असते. ही तिन्ही इथंच सोडून देऊ.

समजा, सगळं जुळलं. पानं झुबक्यानं, दांड्यावर पान नाही, फुलं एकेक आणि एका बाजूला, पाकळ्यांची नळी, पुंकेसर आत, बीजांडकोश लपलेला. म्हणजे वंश दीपकाडी. जातीचं काय? एकट्या फोटोवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, अनुभवी असला तरी. कोंकणेन्सेचं फूल मोठं, स्वच्छ पांढरं, बोटभर लांबीकडं झुकणारं, एका दांड्यावर मोजकी फुलं. मोंटॅनमचं बरंच लहान आणि हिरवट छटेचं. या दोघींत घोळ होत नाही. पण मोंटॅनम, उर्सुले आणि आणखी एकदोन नावं यांच्यातला फरक छदाची लांबी, देठाची लांबी, नळी आणि सुट्या भागाचं प्रमाण, बोंडाचा आकार अशा मापांवर जातो. म्हणून माप घ्यायला शिका.

त्यासाठी खिशात एक सहा इंची पट्टी असली तरी पुरे. दांडा जमिनीपासून पहिल्या फुलापर्यंत किती, एका फुलाची लांबी किती, देठ किती, पानाची रुंदी किती, हे मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. फोनच्या फोटोत आकार फसवा असतो, म्हणून प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी शेजारी धरा. अख्खं झाड आजूबाजूच्या दगड-गवतासकट एकदा घ्या. मग दांडा, मग फूल बाजूनं, मग फूल समोरून, मग छद आणि देठाचा सांधा, मग पानाची कड आणि टोक. पाठीमागं वहीचं काळं पुठ्ठं धरलं तर पांढऱ्या पाकळीची कड नीट उठून दिसते, नाहीतर फोन तिला पांढऱ्या ढगात घालवतो. पावसाचा थेंब पाकळीवर असेल तर झटकू नका, फुंकर घाला. आणि वेळ लिहा. सकाळी नऊला पाहिलेलं फूल आणि संध्याकाळी साडेसहाला पाहिलेलं फूल यांची मुद्रा वेगळी असते. काही कांदावर्गीय फुलं दिवस मावळताना उमलतात.

ओळख सांगणाऱ्या अॅपचा उपयोग होतो, पण मर्यादेत. त्यांना युरोप-अमेरिकेतली फुलं जास्त पाठ आहेत. मुरगूडच्या डोंगरातला फोटो टाकल्यावर अॅपनं स्पेनमधल्या दीपकाडीचं किंवा बागेतल्या लिलीचं नाव दिलं तर दचकू नका. त्यानं ‘याच्या जवळपासचं काहीतरी’ एवढंच सांगितलंय असं समजा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल इथं नोंद टाकली तर माणसंही बघतात आणि चूक असेल तर सांगतात. फक्त एक काळजी घ्या : दुर्मिळ वाटलेल्या फुलाची नेमकी जागा उघडी ठेवू नका. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करण्याची सोय आहे, ती वापरा. फेसबुकवर फोटो टाकायचाच असेल तर तालुक्याचं नाव पुरे. डोंगराचं, वाटेचं, देवळाच्या मागचं असलं काही लिहू नका. कासला गर्दीनं फुलं तुडवली जातात म्हणून कुंपण, तिकीट, माणसांची संख्या असं सगळं करावं लागलं. आपल्या गायरानावर यातलं काहीच नाही. शंभर माणसं एका रविवारी आली तर सोमवारी तिथं पायवाट असेल.

फूल पाहून काम संपत नाही, आणि बहुतेक लोक नेमके इथंच संपवतात. महिना-दीड महिन्यानं त्याच जागी परत जा. जागा सापडावी म्हणून आधीच्या फेरीत जवळच्या दगडाचा, झुडपाचा फोटो ठेवलेला असला पाहिजे, कारण तोवर गवत गुडघ्याला आलेलं असतं. दीपकाडीचं बोंड तीन खणांचं असतं, वाळल्यावर तीन फाकांत उकलतं आणि आत काळ्या, चपट्या चकत्यांसारख्या बिया एकीवर एक रचलेल्या असतात. बोंडाचा फोटो पट्टीसकट घ्या, उकललं असेल तर बियाही टिपा. बिया खिशात टाकू नका, त्या त्याच उतारावर पडायच्या असतात. फूल आणि फळ दोन्ही हाती असलेल्या नोंदीला अभ्यासक खऱ्या अर्थानं उत्तर देऊ शकतो.

तो अभ्यासक आपल्याला लांब नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या विषयावर दीर्घकाळ काम झालंय. डॉ. श्रीरंग यादव आणि डॉ. मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००२ साली विद्यापीठानंच काढला. ज्याला या वाटेनं पुढं जायचंय त्यानं तो ग्रंथालयात बसून चाळावा. सोबत थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला जुना ग्रंथही. इंग्रजी अवघड असलं तरी घाबरू नका. त्यातल्या किल्ल्या म्हणजे एकामागून एक ‘हे आहे की ते’ असे प्रश्न असतात, आणि वर सांगितलेल्या मापांचीच उत्तरं त्या मागतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय आणि वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. विद्यापीठाला मेल करताना ‘हे दुर्मिळ फूल ओळखा’ एवढंच लिहून एक फोटो पाठवलात तर उत्तराची वाट बघत बसाल. तारीख, गाव, उंची, जमीन, मापं, सहा-सात फोटो पाठवलेत तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. नमुना काढायची गरज वाटली तर ते स्वतः येतील. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पानही काढायचं नाही.

दुर्मिळ हा शब्द जपून वापरा. चार महिने दिसणारी आणि त्यातही दोन आठवडेच फुलणारी वनस्पती दिसत नाही म्हणून ती नाहीच असं होत नाही. उलट, एखाद्या पाठीवर शंभर रोपं दिसली म्हणून ती सुरक्षित आहे असंही नाही. तो एक मुरमाचा उतार गेला, कुणी जेसीबी लावून सपाट केला, चिऱ्यासाठी खणला, की त्या शंभरांचा हिशेब एका दुपारी मिटतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला बॉक्साइटच्या खाणींनी पठारांचे वरचे थर कसे गेले ते तिकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडं धोका लहान आहे पण रोजचा : गायरानावर टाकलेला मुरूम, सपाटीकरण, उन्हाळ्यातला वणवा. वणव्यात कांदा बहुधा तगतो, तो जमिनीखाली झोपलेला असतो. पण पहिल्या पावसानंतर लागलीच नांगर फिरला तर तगत नाही.

म्हणून शेवटचं काम गावातच आहे. जैवविविधता कायदा २००२ साली झाला आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावात ती वही कपाटात असेल, नसेलही. ग्रामसेवकांना विचारा, सापडली तर उघडायला सांगा. बऱ्याच ठिकाणी त्यात आंबा, वड, पिंपळ, चिमणी एवढंच लिहिलेलं असतं. तुमची नोंद तिथं घाला : गट नंबर, जमीन कुणाच्या ताब्यात, कुठल्या महिन्यात फुलली, अंदाजे किती रोपं, बोंडं कधी उकलली. गायरानाचं गवत लिलावानं जात असेल तर गवत घेणाऱ्याला तो तुकडा बोंडं उकलून बिया पडेपर्यंत कापू नका म्हणून सांगा. गवतवाला बहुधा ऐकतो, त्याचं फारसं नुकसान होत नाही. आणि जातीबद्दल खात्री नसेल तर वहीत ‘दीपकाडी, जात ठरलेली नाही’ असंच लिहून फोटोची प्रत चिकटवा. जात पुढच्या पावसाळ्यात ठरवता येईल.